गळ्यात माळ, हातात मेगर

सोलापूर,
२० मे

प्रिय सुन्या,

तुझे चौदा फोटो आणि सात व्हॉइस मेसेज मिळाले. मेसेज मी सूत रंगवायच्या डाय-हाउसमध्ये लावले, स्पीकर चालू आहे हे विसरून. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या निम्म्या लोकांना माहीत झालंय, की माझा मित्र लीड्सला घरामागच्या शेडमध्ये दारू गाळतो. गाळत नाही, बिअर आंबवतो, हे मी गळ्यातल्या माळेला हात लावून सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

फोनवरच बोललो असतो, पण तू फोनवर "हो, हो" म्हणतोस आणि ठेवला की आपलंच खरं करतोस. दहावीपासूनची सवय. म्हणून कागदावर लिहितोय. आम्ही पॅनेलच्या दाराला आतून ड्रॉइंगचा खिसा ठेवतो, तसं हे पत्र तुझ्या पॅनेलच्या दाराला आतून चिकटव.

बिअरची चव मला माहीत नाही, हे तुला ठाऊक आहे. हॉप्स कुठले, यीस्ट कसलं, ते मला विचारूच नकोस. पण पातेल्यात पाणी, पाण्यात हीटर, आणि ते पाणी अंशभरही इकडंतिकडं होऊ द्यायचं नाही, हे काम मी बावीस वर्षं करतोय. टॉवेलचं सूत रंगतंय की बार्ली भिजतेय, हे कंट्रोलरला कळत नाही.

आधी ट्रिपिंगचं. हिवाळाभर बिअरचा सेट बंद होता, मार्चमध्ये बाहेर काढलास, आणि चालू केला की दहा-बारा सेकंदांत आरसीडी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, पडतो. (आम्ही त्याला आरसीसीबी म्हणतो, म्हातारे वायरमन अजून ईएलसीबी.) मल्टिमीटर लावला तर सगळं ठीक. मग तू काय केलंस, ते सहाव्या मेसेजमध्ये दबक्या आवाजात सांगितलंस: शेडमधल्या जुन्या सॉकेटला आरसीडी नाही, तिथं प्लग लावून एक बॅच काढलीस. काय करलालास बे तू? बायकापोरं आहेत घरात.

इथल्या एका युनिटची गोष्ट सांगतो, नाव राहू दे. सारखा पडतो म्हणून तिथल्या सुपरवायझरनं आरसीसीबी बायपास करून ठेवला होता. टाकीची अर्थिंगची वायर बोल्टापाशी गंजून तुटलेली, तिकडं कुणाचं लक्ष नाही. पावसाळ्यात एक पोरगा झाकण उचलायला गेला. कडीवर त्याची बोटं मिटली ती सुटेनात. तो ओरडतही नव्हता, नुसता घशातून घरघर आवाज येत होता. मेन स्विच वीस पावलांवर असेल. तेवढं अंतर पळताना मला काय काय आठवलं ते लिहीत नाही. पोरगा वाचला. त्याच्या दोन बोटांवर अजून पांढरे डाग आहेत.

तर, तुझा आरसीडी खरं बोलतोय. हीटरच्या नळीत मधोमध तार असते, आणि तार व नळी यांच्यामध्ये पांढरी पूड ठासलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड. ही पूड कोरडी असली तर उत्तम इन्सुलेशन. पण ती हवेतला ओलावा ओढून घेते. तुझं शेड, लीड्सचा हिवाळा, सहा महिने बंद. टोकाच्या सीलमधून दमटपणा आत शिरला. आता गणित बघ. २३० व्होल्टला ३० मिलिअँपिअर गळायला फक्त साडेसात हजार ओहमची वाट पुरते. तू मल्टिमीटरची बीप वाजते का एवढंच पाहिलंस. साडेसात हजार ओहमला बीप वाजत नाही. शिवाय मल्टिमीटरच्या बॅटरीच्या दोन-चार व्होल्टला ही गळती दिसेलच असं नाही. त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लागतो. तिकडं हत्यारं भाड्यानं मिळतात म्हणतोस ना, एक दिवसाला घे. प्लग काढून, हीटरच्या वायरी पॅनेलपासून सोडवून, तार आणि नळी यांच्यात लाव. एक मेगओहमच्या खाली काटा आला तर हीटर ओला.

मला राहवेना म्हणून मी इथं करून पाहिलं. भंगारातला एक ३ किलोवॅटचा एलिमेंट, म्हणजे हीटरची नळी, रंगाच्या टाकीमागं ओलीत पडलेला. मेगरवर ०.०२ मेगओहम. गल्लीतल्या बेकरीवाल्याकडं नेला, पाव काढून झाल्यावर भट्टीच्या उरलेल्या धगीत रात्रभर ठेव म्हणालो. "हे काय भाजायला आणलंय मालक?" सकाळी आणला तेव्हा पन्नासच्या वर. तू घरच्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार-पाच तास ठेव, पण रबरी वॉशर आणि प्लॅस्टिकची टोपी आधी काढ, नाहीतर वहिनी तुला ओव्हनसकट बाहेर काढतील. वाळवूनही काटा वर येत नसेल तर नळीला चीर आहे. तो फेकून दे आणि नवा घे.

नवव्या फोटोत प्लगची एक पिन तपकिरी झालीय, तिच्याबद्दल तू काही बोलला नाहीस. ३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. तुमचा घरगुती प्लगच १३चा. तिकडं बऱ्याचदा २४० व्होल्ट येतो म्हणालास, मग तोच हीटर साडेतेरा ओढतो. केटलीला तीन मिनिटं चालतं, तुला तीन तास लागतात. वेगळी लाइन ओढून घे, अडीच स्क्वेअर एमएमची, शेवटी निळा इंडस्ट्रियल प्लग. इंग्लंडमध्ये नवं सर्किट टाकायचं तर त्याची नोंद करावी लागते, तेव्हा ते लायसनवाल्याकडूनच कर. वायरच्या टोकांना थिंबल दाब. फोटोत केसांसारखे तांब्याचे तंतू बाहेर लोंबताना दिसले, मला झोप आली नाही.

आता खरी गंमत. तू ६७ लावतोस, पॅनेल ६७ दाखवतं, दाण्यात थर्मामीटर खुपसला तर ६१, आणि शेवटी तळ जळतो. शिवाय बिअर गोडसरच राहते, उरलेली साखर दाखवणारा हायड्रोमीटर १.०२२ला अडकतो. तुला वाटतं तीन वेगळी दुखणी आहेत. मला एकच दिसतं.

माझे वडील सायझिंगला होते, आठवतं? ताण्याच्या सुताला खळ लावायची, स्टार्चची पातळ कांजी शिजवून. ते म्हणायचे, कांजी फिरती ठेवली तर खळ, थांबली तर खरवड. बिअर करून बघायची तर इथं १९४९चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय बनवणं गुन्हा. तुमच्यासारखी १९६३पासूनची मोकळीक नाही. म्हणून मी गच्चीवर ५० लिटरचं स्टीलचं पातेलं मांडलं, भट्टीत वाळवलेला तोच एलिमेंट बसवला, आणि त्यात ज्वारीच्या पिठाची कांजी घातली. पाणी चार दिवसांनी येतं, त्यातलं चाळीस लिटर या कामाला घेतलं म्हणून घरात काय झालं ते वेगळं सांगतो. तळाची कांजी वर फिरवणारा पंप चालू होता तोवर छान. व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला, तुझा मॅश, म्हणजे पाण्यात भिजवलेला दाणा, अडकतो तसा. आठव्या मिनिटाला वास आला. वरून हात घालून बघितलं तर कोमट. ओतून पाहिलं तर हीटरच्या नळीवर चॉकलेटी साल, नखानं ओढली तर सापाच्या कातीसारखी सबंध निघाली.

तुझं तेच होतंय. दाण्याचा थर घट्ट बसतो, वरचं पाणी खाली झिरपत नाही. तुझा सेन्सर वरच्या बाजूला, परत येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी. त्याला गार धार लागते, तो कंट्रोलरला सांगतो "अजून दे", आणि खाली जाळीखालचं पाणी ८५-९०ला पोचलेलं असतं. बार्लीतली स्टार्चची साखर करणारी एन्झाइम त्या पाण्यातून फिरतात. एक साधारण ६५च्या आसपास जोरात काम करतं, दुसरं ७०च्या आसपास. ७८च्या पुढं दोघांचाही खेळ खलास. ती मेली की साखर अर्धवट होते, आणि उरलेलं यीस्टला खाता येत नाही. म्हणून १.०२२. मग मधूनच थर सुटतो, गरम लोंढा वर येतो, आणि पॅनेलवर ६७ दिसतं.

सेन्सर पंपाच्या बाहेर पडणाऱ्या नळीत बसव, हीटरवरून आलेलं पाणी आधी त्याला लागलं पाहिजे. पंप पूर्ण सोडू नकोस. जोरात ओढलं की थर आणखी आवळतो. कोनवरचं सूत घट्ट गुंडाळलं असेल तर रंग मधूनच वाट काढून निघून जातो आणि कोन पोटात पांढरा राहतो, आम्ही रोज बघतो. व्हॉल्व्ह अर्धा ठेव, दाणा जरा जाडसर दळ. आणि पुढचा हीटर घेताना लांब नळीचा घे, वॉट तेवढेच पण पसरलेले. तुझा तो आखूड वेटोळ्याचा हीटर साध्या पाण्याचा आहे. ऑटोट्यून (कंट्रोलर स्वतःच आपली सेटिंग शोधतो ते) पंप चालू ठेवूनच कर, स्थिर पाण्यावर केलेलं ट्यूनिंग कामाचं नाही.

सेन्सर तपासायची रीत: पीटी-१००, म्हणजे तुझा तापमानाचा सेन्सर, शून्याला १०० ओहम, शंभराला १३८.५, म्हणजे अंशाला जेमतेम ०.३९ ओहम. तू तीन वायरींचा सेन्सर दोन वायरींवर जोडलायस, तिसरी टेपनं गुंडाळून ठेवलीस. लांब वायरीच्या अर्ध्या ओहमनं सव्वा अंश खोटा वाढतो. माझ्या पातेल्यात बर्फात १.२ येत होतं, तिसरी जोडल्यावर ०.०. मग उकळतं पाणी बघितलं तर ९८.४. दोनदा वायरी सोडल्या, जोडल्या, शिव्या दिल्या, आणि मग आठवलं की सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर आहे. पाणी इथं खरंच तेवढ्यालाच उकळतं.

एसएसआरचं, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं, थोडक्यात. तेरा अँपिअरला तो पंधरा-एक वॉट उष्णता टाकतो, त्याला हीट सिंक आणि मध्ये पेस्ट हवी. तू त्याला नुसत्या प्लॅस्टिकच्या डब्याला स्क्रू मारलायस. आणि तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा चालूच राहतो, बंद होत नाही. म्हणून त्याच्या आधी लाइन तोडणारा कॉन्टॅक्टर आणि हाताशी लाल बटण पाहिजे. एसएसआर बंद असताना हीटरची वायर सोडून मोजलंस तर मीटरवर दोनशे-बिनशे व्होल्ट दिसला म्हणून तू घाबरलास, ते मात्र उगाच. तो बंद असतानाही काही मिलिअँपिअर झिरपवतो. लोड जोडलास की आकडा पडतो. पण म्हणून बोट लावू नकोस. हात घालायच्या आधी प्लग काढायचा.

वेळेचा हिशेब पाठ ठेव: ४० लिटर पाणी २० वरून ६७ला न्यायला ३ किलोवॅटला पाऊण तास, तिथून उकळायला आणखी अर्धा तास, झाकण असेल तर. फार जास्त लागलं तर क्लॅम्प मीटरनं अँपिअर बघ. उकळी आल्यावर कंट्रोलर हातावर घे आणि ताकद साठ-सत्तर टक्क्यांवर आण, नाहीतर फेस उतू जाऊन शेड चिकट होईल. झालंच आहे म्हणा एकदा.

आता मावशींचं. तुझ्या आईनं माझ्याकडं पाच किलो मालदांडी दिलीय, "सुनीलला भाकरीला". तुझा डाव मला कळला, तुला ती पातेल्यात घालायचीय. घाल, पण बार्लीसारखी नको. ज्वारीचा स्टार्च फुलायला ७०च्या वर जावं लागतं, तोवर एन्झाइम मरतात. आधी पीठ वेगळं शिजवून घे, ६७ला गार कर, मग बार्लीचा माल्ट टाक. नायजेरियानं १९८८ला बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या ब्रुअऱ्या ज्वारीवर आल्याच की. फक्त स्वतः मोड आणायच्या भानगडीत पडू नकोस. कोवळ्या ज्वारीनं गुरं दगावतात, हे आपण वडाळ्याला तुझ्या आजोबांकडं ऐकलंय. तेच विष मोडातही असतं.

मेगरचा फोटो पाठव, आकडा दिसेल असा. तोवर त्या जुन्या सॉकेटवर चिकटपट्टी मार. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येतोयस ना? पातेलं गच्चीवर तसंच ठेवलंय. बायको त्यात आता उन्हाळी पापडाचं पीठ शिजवते, ६७ला नाही, अंदाजानं, आणि तळ जळत नाही.

तुझा,
बाळ्या

ता.क. पार्सलमध्ये शेंगा चटणीचे दोन डबे आहेत. निळ्या झाकणाचा तुझा. लाल झाकणाचा वहिनींचा, त्यात लसूण कमी आहे. अदलाबदल करून मला फोन करू नकोस.