बॅटरीची तार तुटलेली, तरी दिवा हिरवा

संपादक महोदय,

गेल्या पावसाळ्यात वीज जाताच नाशिकच्या सिडकोतील आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली आणि शेजारच्या आजी वीस-पंचवीस मिनिटे अंधारात अडकून पडल्या. अशा वेळी बॅटरीच्या जोरावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी यंत्रणा आमच्याकडे आहे, आणि तिच्यावरचा ‘बॅटरी ठीक’ हा हिरवा दिवा आदल्या रात्रीपर्यंत पेटलेला वॉचमनने पाहिला होता. मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे काम करतो, म्हणून मेकॅनिकने पेटी उघडली तेव्हा मुद्दाम जवळ थांबलो. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांपैकी एकीच्या टोकावरची थिंबल (तारेच्या शेवटी बसवलेली धातूची कडी) हिरवट-पांढऱ्या भुकटीने खाल्ली जाऊन सुटली होती. वीज आल्यावर चार्जरच्या तारांना मल्टिमीटर लावला, तर तो 54 व्होल्ट दाखवत होता!

हे 54 व्होल्ट बॅटरीचे नव्हते, चार्जरचे होते. पूर्ण भरलेल्या अशा चार बॅटऱ्या चार्जर काढून काही तास ठेवल्या, तर 51 व्होल्टच्या आसपास दिसतात. पण दिव्याच्या ज्या सर्किटला फक्त ‘व्होल्टेज आहे की नाही’ एवढेच विचारायला शिकवले आहे, त्याला चार्जर आणि बॅटरी यांतला फरक कळणार कसा? नुसता चार्जर बंद करूनही भागत नाही, कारण त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, उरलेला चार्ज काही काळ बॅटरीचे सोंग वठवतो. त्यासाठी चार्जर क्षणभर थांबवून रेझिस्टरचा (विजेला रोध करणाऱ्या भागाचा) ठरावीक लोड, म्हणजे भार, टाकावा लागतो. बॅटरी नसेल किंवा तार तुटली असेल, तर व्होल्टेज डोळ्याचे पाते लवण्याआधी कोसळते. बॅटरी धडधाकट असेल, तर थोडे खाली येऊन टिकते. हा लोड दिवसातून एकदा, दोन-तीन सेकंदच द्यावा. (कायमचा जोडलेला तपासणीचा रेझिस्टरही बॅटरी खातो.)

एवढ्या चाचणीने बॅटरी जागेवर आहे हे कळते, लिफ्ट ओढण्याइतका दम तिच्यात आहे हे मात्र कळत नाही. त्यासाठी देखभालीला येणाऱ्या मेकॅनिकने लिफ्टमध्ये कोणी नसताना, ती दोन मजल्यांच्या मध्ये असताना मुख्य वीज बंद करून दाखवलीच पाहिजे. आमच्या वहीत दर महिन्याला ‘एआरडी तपासली’ असे लिहिलेले होते. ती तपासणी म्हणजे दिव्याकडे टाकलेली एक नजर होती, हे पेटी उघडल्यावर समजले.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमध्ये एआरडीचे असे पॅनेल जुळवणारे माझे अनेक व्यवसायबंधू आहेत. एक रेझिस्टर, एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि प्रोग्रॅमच्या थोड्या ओळी, एवढाच वाढीव खर्च आहे. तो करावा आणि लोडवरची चाचणी पार पडल्याखेरीज हिरवा दिवा लावू नये, अशी त्यांना कळकळीची विनंती. सोसायट्यांच्या कार्यकारिणीनेही देखभालीच्या वहीत ‘तपासली’ या शब्दावर सही न करता वीज बंद केल्याची वेळ आणि लिफ्ट कोणत्या मजल्यावर येऊन उघडली, हे आपल्यासमोर लिहून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती कारागीर, सिडको, नाशिक