अडचण पाताळात नाही, पदपथावर आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुणेकरांनी मोटारीचा मोह सोडावा, हा आपल्या कालच्या अग्रलेखातला सल्ला वाचला. आमच्याकडे मोटारच नाही, तेव्हा सोडण्यासारखे काही उरत नाही. ६ मार्च २०२२ ला वनाझ ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली, त्याच आठवड्यात मी आणि सौ. हौसेने बसून आलो. सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोचली, तेव्हापासून सौ.च्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मेट्रोनेच जातो. जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायला जमिनीखाली शंभरेक फूट उतरावे लागते. सरकते जिने, लिफ्ट, सगळे चोख. खोळंबा होतो तो घर ते स्थानक या सहाशे पावलांत.

गेल्या मंगळवारी पदपथावर आधी वडापावची गाडी, मग विजेचा डबा आणि त्यापुढे एक पांढरी मोटार आडवी. नाक भिंतीला, शेपूट रस्त्यावर. सौ.च्या हातात काठी. खाली उतरून वळसा घालावा तर मागून बसचा भोंगा. मालक शेजारच्या डेअरीत पनीर घेत होते. म्हणाले, "काका, दोनच मिनिटं." अकरा मिनिटे झाली. (मी घड्याळ लावतो, जुनी खोड आहे.) वर निघताना काच खाली करून विचारतात, "आजींना या वयात चालवता कशाला? कॅब करायची ना!" सौ. चौसष्टची आहे. मोटारीचे ती विसरली, 'आजी' विसरलेली नाही.

रिक्षाचे म्हणाल, तर एवढे जवळचे भाडे कोण घेते, हे आपण जाणताच. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडून नवा बांधायला पैसा मिळतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटार चढू नये म्हणून चार खांब रोवायला मिळत नाही. एखादा अग्रलेख त्या चार खांबांवरही येऊ द्या.

जाता जाता, कालच्या अंकाचे पहिले अख्खे पान मोटारीच्या जाहिरातीचे होते. असो, वृत्तपत्रालाही पोट आहे. पण त्यापायी शब्दकोडे इतके बारीक छापलेत की भिंग घ्यावे लागले. आणि उभ्या ७ चे उत्तर चौकटीत एका अक्षराने मावत नाही.

आपला,
एक पादचारी, कोथरूड, पुणे ३८