ओढलेली जर्सी आणि तुमची मध्यरेषा

कॉर्क, आयर्लंड
27 जुलै 2025

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पैसे परवा पाठवले आहेत, बँकेत बघून घ्या. माझी तब्येत ठीक. पाऊस आपल्याकडं आहे तसा इथंही आहे, फक्त इथला कोसळत नाही, दिवसभर नुसता भुरभुरतो आणि छत्री उघडायची का नाही हे ठरेपर्यंत माणूस भिजलेला असतो. आईच्या गुडघ्याचं फोनवर कळलं. तेल चोळून भागायचं नाही, डॉक्टरला दाखवाच.

मागं तुम्ही फोनवर विचारलंत, "तिकडं लोक संध्याकाळी काय करतात रे?" फोनवर सांगायचं म्हटलं तर पैसे संपले असते. म्हणून हे पत्र.

अण्णा, इथले लोक भांडतात. हर्लिंग नावाचा एक खेळ आहे, त्यावरून. आपल्याकडं कुस्तीचं मैदान झाल्यावर पारावर आठवडाभर जे चालतं, ते इथं एप्रिलपासून जुलैपर्यंत अखंड चालू असतं. आणि सामना हरला की पुढच्या एप्रिलपर्यंत.

आधी खेळ सांगतो. एका बाजूला 15 गडी. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी, टोकाला चपटी आणि वाकडी. काठीला इंग्रजीत हर्ली म्हणतात, पण आयरिश भाषेतला शब्द ऐकाल तर चकित व्हाल. त्याचा उच्चार आपल्या 'कमान'च्या अगदी जवळचा. 'कॅम' म्हणजे वाकडा, त्यावरून तो शब्द आला. आपली कमान फारसीतून आली, दोघींचं काही नातं नाही, पण मला उगीच बरं वाटलं. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा पण हलका, 110 ते 116 ग्रॅम, आणि शिवण वर उठलेली. तो हवेतून 80-90 मीटर जातो आणि त्याच्याखाली उभे असलेले दहा-बारा जण हात वर करून, काठ्या आपटत तो झेलायला धडपडतात. विटी-दांडू, हॉकी आणि मारामारी यांचं मिश्रण समजा. 2010 पासून हेल्मेट सक्तीचं झालं, त्याआधी उघड्या डोक्यानं खेळायचे.

गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. वरून गेला तर 1. गुण लिहायची पद्धत मात्र तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला आवडेल: 3-29 म्हणजे 3 गोल आणि 29 पॉइंट, एकूण 38. फळ्यावर बेरीज लिहीत नाहीत. प्रेक्षकानं मनातल्या मनात करायची. मी पहिल्या वर्षी बोटं मोजत बसायचो, आता आपोआप होतं.

आणि एक गोष्ट, खेळाडूंना पगार नाही. कोणी शिक्षक, कोणी शेतकरी, कोणी इलेक्ट्रिशियन. बहुतेक जण आपापल्या जिल्ह्याकडूनच खेळतात. विकत घेणं, लिलाव, काही नाही. 82 हजार लोकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये अंतिम सामना खेळतो, आणि सुट्टी संपली की वर्गावर फळा पुसतो. रेफरीही तसाच, गाडीखर्च तेवढा मिळतो. गोलाच्या खांबाजवळ पांढरे डगले घालून चार पंच उभे असतात, गोल झाला की हिरवं निशाण, पॉइंट झाला की पांढरं. ते चौघे बहुधा त्या रेफरीच्याच गावचे, भाऊ नाहीतर मित्र. म्हणजे शिव्या खायला सगळं घर बरोबर घेऊनच निघायचं.

मी राहतो ते कॉर्क. कॉर्कनं हा अखिल आयर्लंडचा चषक 30 वेळा जिंकलाय, पण शेवटचा 2005 मध्ये. वीस वर्षं झाली. आमच्या कारखान्यातली जी पोरं ट्रेनी म्हणून आलीत, त्यांना तो विजय आठवतच नाही. त्यामुळं भूक केवढी असेल बघा.

गेल्या वर्षी, 2024 च्या जुलैत, अंतिम सामना कॉर्क आणि क्लेअर या दोन जिल्ह्यांत झाला. मी पबमध्ये बघितला. (आईला सांगा, मी चहा घेतला.) पूर्ण वेळात बरोबरी, दोघांचे एकूण 30 गुण. मग जादा वेळ. त्यातही अगदी शेवटच्या क्षणी क्लेअर एका गुणानं पुढं, आणि कॉर्कच्या रॉबी ओ'फ्लिनकडं चेंडू. त्यानं फटका मारला तेव्हा मागून क्लेअरच्या गड्यानं त्याची जर्सी धरलेली. चेंडू खांबाबाहेर. शिट्टी वाजली, पण ती सामना संपल्याची. क्लेअर 3-29, कॉर्क 1-34. अडतीस विरुद्ध सदतीस.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर मशीन चालू आणि माणसं बंद. जो तो मोबाईलवर तोच फोटो दाखवतोय. जर्सी ताणलेली, अगदी तंबूच्या कापडासारखी. आमचा शिफ्टचा मुकादम जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या शर्टाची बाही धरून ओढून ओढून दाखवत होता, बटण तुटलं तरी थांबला नाही. एक म्हणे, रेफरीला दिसलंच नाही. दुसरा म्हणे, दिसलं, पण शेवटच्या क्षणी फाउल द्यायची छाती झाली नाही. तिसऱ्यानं तर रेफरी लिमरिकचा होता आणि दोनच आठवडे आधी उपांत्य फेरीत आम्ही लिमरिकला दोन गुणांनी पाणी पाजलं होतं, तिथपर्यंत धागा नेला. त्यावर आमची घरमालकीण काय म्हणाली सांगतो. ती 78 वर्षांची आहे. "यर्रा, लिमरिकच्या माणसाला क्लेअरचं भलं कधी बघवलंय?" यर्रा म्हणजे आपलं 'अरे'. इकडचे म्हातारे प्रत्येक वाक्य त्यानं सुरू करतात.

क्लेअरचा एकच माणूस आमच्याकडं आहे, पॅकिंगमध्ये. तो शांतपणे ऐकून घेई आणि एवढंच विचारी, "70 मिनिटं आणि वरची 20, त्यात तुम्ही किती जर्सी ओढल्यात त्याही मोजूया का?" त्याच्याशी कोणी चार दिवस बोललं नाही.

इथं मला तुमची आठवण आली, अण्णा. जत्रेतल्या कबड्डीच्या फायनलला तुम्ही पंच होतात. मी चौथीत असेन. शेवटची चढाई, गडी परत येताना त्याला पकडला, त्याचा पाय मध्यरेषेला लागला की नाही यावर सगळं अडलेलं. तुम्ही बाद दिलंत. तो गडी नेमका चुलत्यांच्या आळीतला. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी आपल्या बैलांना त्यांच्या बांधावरून जाऊ दिलं नाही, आपण ओढ्याकडून फिरून जायचो. तुम्ही त्याबद्दल घरात एक शब्द काढला नाहीत.

चित्रफितीवर फाउल तपासायची सोय या खेळात नाही. चेंडू खांबांमधून गेला का नाही, एवढं बघायला क्रोक पार्कमध्ये 2013 पासून हॉक-आय आहे, आणि पडद्यावर आयरिशमध्ये 'ता' नाहीतर 'नील' अशी अक्षरं येतात. होय, नाही. गंमत म्हणजे त्याच पहिल्या वर्षी लिमरिकच्या पोरांच्या उपांत्य सामन्यात यंत्रानंच चांगल्या पॉइंटला 'नील' म्हटलं होतं. लिमरिकवाले अजून सांगतात. यंत्राच्या बांधावरून बैल कोणी अडवायचे?

याहून मोठं प्रकरण 1998 चं. ते मला टिपररीच्या एका सुतारानं ऐकवलं. क्लेअर आणि ऑफली यांचा उपांत्य सामना, क्लेअर तीन गुणांनी पुढं, आणि रेफरीनं चुकून दोन मिनिटं आधीच शेवटची शिट्टी मारली. ऑफलीचे लोक उतरले आणि क्रोक पार्कच्या हिरवळीवर बसकण मारली. उठेनात. शेवटी सामना पुन्हा खेळवला, थर्लिसला. ऑफली जिंकली, पुढं अंतिम सामनाही जिंकली. फेब्रुवारीत नगरला महाराष्ट्र केसरीत पंचांना लाथ घातल्याचं तुम्ही सांगत होतात ना, तेव्हा मला हे बसलेले लोक आठवत होते. रागच तो, पण मांडी घालून बसलेला.

आता यंदाचं सांगतो, कारण खरं पत्र त्यासाठीच आहे.

यंदा कॉर्क चढलं होतं. एप्रिलमध्ये टिपररीला दोनदा झोडपलं. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात तर टिपररीच्या 19 वर्षांच्या डॅरा मॅकार्थीला अगदी सुरुवातीलाच लाल कार्ड, जागा शोधायच्या आधीच पोरगं बाहेर. जूनमध्ये मन्स्टरची, म्हणजे आमच्या प्रांताची, फायनल लिमरिकशी लिमरिकमध्येच, जादा वेळेनंतरही दोघांचे एकूण 33 गुण, मग पेनल्टीवर कॉर्क तीन विरुद्ध दोन गोलांनी जिंकलं. पेनल्टीवर हर्लिंगचा निकाल लावणं म्हणजे शेतीचा वाद नाणं उडवून मिटवणं, असं इथं जिंकलेलेसुद्धा म्हणत होते. (मनापासून नव्हे.)

6 जुलैला टिपररी आणि किलकेनी यांचा उपांत्य सामना. त्या दिवशी आषाढी होती, मी साबुदाण्याची खिचडी करून बघायला बसलो. तिथं फळ्यानंच घोळ घातला. टिपररीला एक पॉइंट जास्त दाखवत होता. फरक प्रत्यक्षात दोनाचा, फळ्यावर तीनाचा. शेवटी किलकेनीवाले बरोबरीसाठी गोलच हवा म्हणून गोलाच्या मागं लागले. सामना संपल्यावर खरा आकडा जाहीर झाला: 4-20 विरुद्ध 0-30. बत्तीस आणि तीस. आता दोन साधे पॉइंट पुरले असते हे कळल्यावर किलकेनीच्या माणसाला झोप कशी लागत असेल? त्या सामन्यातही मॅकार्थी दोन पिवळी कार्डं खाऊन बाहेर गेलेला. कॉर्कमध्ये त्याची टिंगल चालली होती, "फायनलला तरी मध्यंतरापर्यंत टिकू दे."

20 जुलै. घरमालकिणीनं मला आणि मुकादमाला घरीच बोलावलं. मध्यंतराला कॉर्क 1-16, टिपररी 0-13. सहाची आघाडी. मुकादम चहात चार चमचे साखर घालत होता, एवढा खुशीत.

मग दुसरा अर्धा. अण्णा, 35 मिनिटांत कॉर्कचे दोन पॉइंट. दोन. आणि टिपररीचे 3-14. कॉर्कच्या एका बचावपटूनं पेनल्टी दिली, त्याच्यातच दुसरं पिवळं कार्ड, तो बाहेर. पेनल्टी मारायला कोण? तोच मॅकार्थी. गोल. एकट्या त्या पोरानं 1-13 केले. कॉर्कलाही पेनल्टी मिळाली, टिपररीच्या गोलीनं अडवली. शेवटी 3-27 विरुद्ध 1-18. पंधरा गुणांनी. म्हातारीनं शेवटची दहा मिनिटं टीव्हीचा आवाज बंद करून बघितली.

सोमवारी मी मनाची तयारी करून गेलो. म्हटलं आता रेफरीचं काही खरं नाही. पण कँटीन गप्प. पेनल्टी होतीच, कार्ड बरोबरच, असं मुकादम स्वतः म्हणाला. कोणी शर्ट ओढून दाखवला नाही. मला तेव्हा लक्षात आलं की गेलं वर्षभर त्या ओढलेल्या जर्सीनं या लोकांना केवढा आधार दिला होता. यंदा धरायला जर्सीच नाही.

बुधवारी हळूहळू तोंडं उघडली, आणि भांडण डावपेचांवर गेलं. टिपररीनं एक गडी मागं मोकळा ठेवला होता, त्याला स्वीपर म्हणतात. कॉर्कचा खेळ म्हणजे लांब फटका मारून पुढच्या उंच गड्यांकडं चेंडू टाकायचा. तो चेंडू आता या मोकळ्या गड्याच्या झोळीत पडायला लागला. पण हिशेब बघा: त्यांचा एक मागं, म्हणजे दुसऱ्या टोकाला आपलाही एक मोकळा. त्याचं काय केलं? तर त्यानंही लांबच मारला! मुकादमाचं म्हणणं, लिमरिकसारखं हातातून हातात, छोटे पास करत वर जायला हवं होतं. 2018 ते 2023 मध्ये लिमरिकनं पाच चषक तसे नेलेत. म्हातारीला हे अजिबात पसंत नाही. "हातानंच द्यायचा तर काठी कशाला दिलीय?" तिला छोटा हातपास दिसला की ती टीव्हीवर ओरडते, "थ्रो!" कारण हातानं चेंडू फेकायची परवानगी नाही, तळव्यानं मारलेला दिसायला हवा. आणि कोणी चेंडू धरून चारपेक्षा जास्त पावलं पळाला की "स्टेप्स, रेफ!" दिवाणखान्यातून डब्लिनला ऐकू जाईल असं. माझं मत विचाराल तर मुकादम बरोबर आहे. पण ते मी तिच्यासमोर बोलत नाही, भाडं वाढवायची.

बंटीसाठी घरमालकिणीनं एक जुनी हर्ली दिली आहे, तिच्या मुलाची. टोकाला पत्र्याची पट्टी ठोकलेली. डिसेंबरला आणतो. त्याला सांगा, विटीवर वापरायची नाही.

ती सारखी विचारत असते, तुझे वडील काय करतात. परवा तुमची मध्यरेषेची गोष्ट तिला सांगितली. बैलांसकट. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पाय लागला होता का पण?"

मला उत्तर देता आलं नाही. तेवढं पत्रातून कळवा. आईला दाखवू नका हवं तर.

तुमचा,
धाकटा