घंटी वाजते, पण आवाज पोहोचत नाही

महोदय,

रावेर-सावद्याचे केळी व्यापारी असोत की धरणगाव-अमळनेरकडचे जिनिंगवाले, कचेरी, वजनकाटा आणि गावाबाहेरचे गोदाम फोनने जोडण्यासाठी आता स्वतंत्र तारा ओढाव्या लागत नाहीत. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ‘ॲस्टेरिस्क’ ही इंटरनेटवरून फोन जोडणारी मोफत प्रणाली जुन्या संगणकावरही चालते आणि पदविका झालेली आपल्याकडची मुले ती स्वतःच्या हिकमतीवर उभी करू लागली आहेत. मात्र त्यांची उमेद बहुधा एकाच ठिकाणी खचते, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा असतो.

फोन सर्व्हरवर, म्हणजे ही प्रणाली चालवणाऱ्या संगणकावर, नोंदला जातो, घंटी वाजते, पलीकडून उचललाही जातो. पण आवाज एकाच बाजूला येतो किंवा येतच नाही, आणि पुष्कळदा ३२ सेकंदांनी कॉल आपोआप तुटतो. वजनकाट्यावरचा मुलगा ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो आणि गोदामातल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. घंटीचा निरोप सहसा ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित दारातून, जातो, आवाज मात्र निराळ्या वाटेने, बहुतेक मांडण्यांत १०००० ते २०००० या पोर्टांतून. राउटरच्या आड बसलेला सर्व्हर निरोपात स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा आतला, म्हणजे कचेरीतल्या नेटवर्कपुरताच चालणारा, पत्ता लिहितो, बाहेरचा फोन त्याच पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो वाटेतच हरवतो. फोन उचलल्याची शेवटची पोचही तशीच हरवली, तर सर्व्हर ३२ सेकंद वाट पाहून कॉल सोडून देतो.

म्हणून नवख्याने आधी ‘पीजेसिप’ या ॲस्टेरिस्कमधल्या फोन जोडणाऱ्या भागाच्या फाइलीत बाहेरचा पत्ता आणि आतले नेटवर्क नोंदवावे, राउटरमध्ये ते पोर्ट उघडावेत, फोनच्या निरोपांत ढवळाढवळ करणारी राउटरमधली ‘सिप एएलजी’ ही सोय बंद करावी आणि ‘आरटीपी सेट डिबग ऑन’ ही आज्ञा देऊन आवाजाची पाकिटे दोन्ही बाजूंनी येतात का, ते पाहावे. जुन्या मार्गदर्शिकांतली ‘सिप.कॉन्फ’ ही मांडणीची फाइल उतरवून घेण्यात अर्थ नाही. तिला वाचणारा भाग २०२३ च्या २१ व्या आवृत्तीतून काढूनच टाकला आहे. पासवर्ड मात्र पहिल्या दिवसापासून लांब आणि अवघड हवेत, कारण उघड्या सर्व्हरवरून परदेशी कॉल करून दुसऱ्याच्या माथी बिल मारणारे सतत टपलेले असतात.

एवढे सगळे करूनही आवाज आला नाही, तर राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि आपल्या राउटरवर पोर्ट उघडून काहीही साधत नाही. मग स्थिर सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा, नाहीतर असा पत्ता असलेला सर्व्हर भाड्याने घेऊन सगळे फोन त्याच्याशी जोडावेत. ही एक गोष्ट जोडणी देतानाच सांगितली, तर मुलांचे कित्येक दिवस वाचतील. पण विचारले तरी मदत केंद्रातून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच उत्तर मिळते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत इंटरनेट पुरवणाऱ्या सर्वांनी जोडणीच्या अर्जावरच पत्ता स्वतंत्र आहे की सामायिक, आणि स्वतंत्र हवा असल्यास त्याचा दर काय, हे मराठीत छापावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)