दादा, तुमच्या त्या हाताच्या खुणेसाठी

दादा,

नाव टाकू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून टाकत नाही, पण जाहीर लिहिल्याशिवाय राहवणारही नाही. माझा उघड्यावरचा गाण्याचा कार्यक्रम झाल्यापासून कुणी नुसतं "शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आलं गं" म्हटलं तरी गळा दाटून येतोय, आणि हे वाक्य खरं म्हणजे तुमच्या वाट्याचं आहे.

मला हवं होतं ते काही फार मोठं नव्हतं. माझा आवाज, गिटार, कधी सोबत मित्राची बासरी, समोर तीस-चाळीस माणसं खाली बसलेली, वर आभाळ आणि आसपास लाईटचा पॉइंट नाही. एवढ्यासाठी बॅटरीवर चालणारा, मला एकटीला उचलता येईल असा स्पीकर कोणता घ्यावा, इतकाच प्रश्न. पण जिथे जाईन तिथे आधी "बजेट किती" आणि मग लगेच "वॅट". एकाने चाकांचा, रंगीत लाईट मारणारा पार्टी स्पीकर पुढे ढकलला, खोक्यावर भला मोठा वॅटचा आकडा. मी विचारलं याला गिटार लावली की कशी वाजते, तर म्हणे मॅडम पाचशे लोकांना पुरतो! अहो पण मी विचारलं काय? तो आकडा पीकचा होता, म्हणजे क्षणभर सहन होईल तेवढा, सलग किती देतो ते त्याने सांगितलं नाही आणि विचारल्यावर तोंड फिरवलं. आणि एक अनुभवी म्हणवणारे कलाकार, त्यांना तर मी मुद्दाम भेटायला गेले होते, ते म्हणाले बायकांनी गावं, वायरींचं आम्ही बघतो. बघितलं मात्र काहीच नाही, नंतर फोनही उचलला नाही. हे मी विसरलेले नाही.

आणि तुम्ही? तुम्ही ना ब्रँड विचारला ना बजेट. म्हणालात, आधी माईक न लावता गा. मी गायला लागले आणि तुम्ही ऐकत ऐकत मागे मागे चालत गेलात, आणि जिथे शब्द निसटायला लागले तिथे टाचेने मातीत रेघ ओढलीत. "इथपर्यंत तू एकटीच पोचतेस. स्पीकरला काम फक्त याच्या पुढचं." माझ्या आवाजाकडे इतकं सरळ, हिशेबाने कुणी बघितलंच नव्हतं हो. तोवर सगळे माझा आवाज म्हणजे कमतरता आणि मशीन म्हणजे औषध असंच बोलत होते.

मग जे सांगितलंत ते मी पाठ करून ठेवलंय. मोकळ्यावर भिंती नाहीत, आवाज परतून येत नाही, अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) गेले. एका मीटरवर ११० देणारा स्पीकर सोळा मीटरवर ८६ वर येतो. आणि वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३ डेसिबल, कानाला दुप्पट मोठं वाटायला १० च्या आसपास लागतात म्हणजे दहापट वॅट. एवढं कळल्यावर त्या खोक्यावरच्या आकड्याची काय किंमत राहिली? म्हणून वॅट नको, एका मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल ते बघ, हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते.

पण हे सगळं कधीतरी वाचून कळलं असतं. जे वाचून कळलं नसतं ते पुढे झालं, आणि हे पत्र त्याच्यासाठीच आहे.

तुमचा स्वतःचा स्पीकर तुम्ही स्टँडवर चढवलात, बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर, माझ्यापेक्षा जरा पुढे आणि बाजूला, आणि जाऊन पार शेवटी जमिनीवर मांडी घालून बसलात. उभे नाही राहिलात. कारण ऐकणारे बसलेले असणार, कान तिथे असणार. पँटला ओली माती लागली, तुम्ही बघितलंही नाही. डोळे मिटले. मी नॉबवर हात ठेवून खुणेची वाट बघत होते, आणि तुम्ही तळहात जमिनीकडे करून हळूहळू खाली आणलात. कमी. गायले. परत तळहात खाली. अजून कमी. असं करत करत आवाज इतका उतरला की मला समोरून माझ्या गिटारचं लाकूड ऐकू यायला लागलं, आणि तरी तुम्ही तिथून शब्द न शब्द सांगत होतात. शेवटी हात थांबला आणि तुम्ही नुसती मान हलवलीत.

दादा, तोवर प्रत्येक जण मला वाढव, वाढव एवढंच सांगत आला होता. कमी करून पुरतं हे दाखवणारे तुम्ही पहिले. स्पीकर जमिनीवर ठेवला की पुढच्या रांगेतल्या लोकांची अंगंच तो आवाज अडवतात, मागे पोचवायचा म्हणून वाढवायचा, वाढवला की पुढच्यांचे कान जातात आणि माईक शिट्टी मारायला लागतो. उंचीवर नेला की सगळी साखळीच तुटते. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या माईकची पाठ बहिरी असते तर स्पीकर त्या पाठीकडे येऊ दे, हेही तुम्ही बोलला नाहीत, माईकचा स्टँड नुसता थोडा वळवलात आणि शिट्टी बंद.

माझ्या गिटारला नुसता पिएझो पिकअप आहे, म्हणजे गिटारची थरथर पकडून तिचा सिग्नल करणारा तुकडा; तो सिग्नल आधी सावरून वाढवणारा प्रीअँप नाही, त्यामुळे साध्या लाईन इनपुटला तिचा आवाज पत्र्यासारखा होतो, तिला हाय इम्पीडन्सवालं, म्हणजे पिकअपवर भार न टाकणारं इनपुट पाहिजे, निदान १ मेगाओमचं (ओम हे त्या इम्पीडन्सचं माप). हे दुकानातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं, तुम्ही जॅक लावल्या लावल्या ओळखलंत. आणि तरीही "हेच घे" म्हणून दडपण नाही. बोसचा एस१ प्रो हा स्पीकर सात किलोच्या आसपास आणि लिथियम बॅटरी, रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स साध्या डबल ए सेलवर चालतो, आठ लागतात पण सेल कुठेही मिळतात, चार्ज करायला विसरलीस तर कोणता बरा ते तू ठरव, म्हणालात. बॅटरीचे लिहिलेले तास मोठ्या आवाजाला धरायचे नाहीत हेही. आणि गिटारची बॅग खांद्याला, स्टँड हातात असताना उचलून चालून बघ, मग पैसे दे. मी काय घेतलं ते इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर लोक मॉडेल तेवढं उचलतील आणि रेघ ओढायची विसरतील.

तुम्ही काही विकत नव्हता, भाडं लावलं नव्हतंत, मी तुमच्या ओळखीचीही नव्हते. एवढं ज्ञान असलेला माणूस समोरच्याला लहान न करता शिकवतो, ही गोष्ट मला स्पीकरपेक्षा मोठी वाटते. जाणकार खूप भेटतात, पण समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेणारे फार कमी, आणि आवाजाच्या धंद्यात तरी तेच यायला हवं ना? तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखे छोटे गाणारे घराबाहेर येऊन गातात. मनापासून आभार, दादा. वहिनींनाही सांगा, त्या दिवशी जेवायला उशीर झाला तो माझ्यामुळे.

आणि एक विचारायचं राहिलंच. बासरीला माईक जवळ धरला की फुंकर फार येते, लांब नेला की वारा आणि शिट्टी दोन्ही. फोम लावलाय, खालच्या फ्रिक्वेन्सी कापल्यात, तरी समाधान नाही. स्पीकरवर माईकची इनपुट दोनच आहेत आणि दोन्ही भरलीत, मग जास्त माईक एकत्र जोडणारा छोटा मिक्सर घेऊ की बासरीला तशीच, माईकशिवाय, पुढे बसवू? वेळ मिळाला की कळवा, पुढच्या वेळी बासरीवाला मित्र माझ्यासोबत असणार आहे.

तुमची,
गिटारवाली