नोटीस सिस्टरला, निर्णय कुणाचा?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. काल हातात कारणे दाखवा नोटीस पडली, म्हणून हे खुलं पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात जादा खाटा टाकायचं ठरलं. बैठकीला अधिष्ठाता होते, विभागप्रमुख होते, बांधकामचे अभियंता होते. सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख असलेल्या मेट्रन मॅडमना साधा निरोपही नव्हता. खाटा आल्या, सक्शनचा, म्हणजे रुग्णाच्या तोंडा-घशातला स्राव खेचून काढायचा, पॉइंट मात्र भिंतीवर जुन्याच जागी. नव्या खाटांपर्यंत नळी पोहोचत नाही, हे मी हँडओव्हर रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहिलं होतं. परवा रात्री तिथल्याच एका आजोबांना झटके आले, तोंड फेसाने भरलं. मी त्यांना कुशीवर धरून बसले होते आणि मावशी शेजारच्या वॉर्डातून चाक मोडलेलं सक्शन मशीन ओढत आणत होत्या. आजोबा वाचले. आणि मला विचारतात, विलंबास आपणास जबाबदार का धरू नये?

रात्री चाळीस रुग्णांना आम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. ते ओझं आम्ही ओढतोच आहोत, पण निदान विचारा तरी! सलाइनसाठी शिरेत घालायचं कोणतं इंट्राकॅथ पहिल्याच दिवशी गळतं, कोणाचा श्वास पहाटे बिघडतो, घरी पाठवलेला कोणता पेशंट चार दिवसांत परत येणार, हे आम्हाला कळतं. खरेदीत आम्ही नाही, राउंडला आमचं कुणी ऐकत नाही, डिस्चार्ज आम्हाला केसपेपरवर वाचायला मिळतो.

6 नोव्हेंबर 2021 ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयूला आग लागली, 11 रुग्ण गेले. अटक झाली त्यांत तीन परिचारिका होत्या. इमारतीची अग्निसुरक्षा त्यांच्या हातात होती का?

हे फक्त रुग्णालयांचं नाही. एसटीच्या वाहकाला विचारा, झेडपीच्या शाळेतल्या बाईंना विचारा, अंगणवाडी ताईंना विचारा. परिपत्रक वरून येतं आणि चौकशी खालून सुरू होते. या राज्यात काम करणाऱ्या बाईला अक्कल असते, हे कुणी मानायलाच तयार नाही!

माझी नोटीस मागे घ्यायला लावा. आणि आदेश काढा: खाटा वाढवणं, वॉर्ड हलवणं, यंत्रखरेदी यांपैकी काहीही वॉर्डच्या परिसेविकेच्या (इनचार्ज सिस्टरच्या) आणि मेट्रनच्या लेखी अभिप्रायाशिवाय होणार नाही. अभिप्राय डावलायचा असेल, तर डावलणाऱ्याने कारण फाइलवर लिहावं आणि खाली स्वतःची सही करावी.

आपली,
एक अधिपरिचारिका