सात नंबरच्या आईकडून

सिस्टर, नमस्कार.

वॉर्डात तुम्ही मला ‘सात नंबरची आई’ म्हणायचात, म्हणून त्याच नावाने लिहितेय. तो बेड सोडून आम्हाला चौदा महिने झाले. म्हणजे नाव आता खोटंच. पत्र उघड लिहितेय, कारण पोटाच्या डायलिसिसवरचं मूल घरी असलेल्या आणखी कुणा आईच्या नजरेला पडलं तर बरं.

लेकाच्या लघवीच्या वाटेत जन्मतःच पडदा होता, त्यात दोन्ही किडन्या गेल्या. मशीनच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा शहर गाठायचं म्हणजे शाळा संपलीच. म्हणून हे पोटाचं. दिवसातून चार वेळा बॅगेतलं पाणी नळीतून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, काढायचं. विजेची गरज नाही, आणि आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये ते फार मोठं. पण पहिल्याच वर्षात तीनदा पोटात इन्फेक्शन. पाणी गढूळ, अंगात ताप, पोट धरून रडणं. तिसऱ्या खेपेला अठरा दिवस अ‍ॅडमिट. असंच होत राहिलं तर पोटातलं आवरण निकामी होईल आणि हा मार्गही बंद, असं डॉक्टर म्हणाले, त्या रात्री मी जेवले नाही.

जो तो विचारायचा, “स्वच्छता ठेवता ना?” ठेवत होते हो! दोनदा फिनेलने फरशी पुसत होते.

तुम्ही विचारलंच नाहीत. सरावाची बॅग हातात देऊन म्हणालात, “घरी करता तस्सं करून दाखवा. मी इथे नाहीच समजा.” मी पंखा बंद केला, मास्क लावला, घड्याळाकडे बघत हात धुतले, आणि पदराला पुसले. मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही नुसतं माझ्या पदराकडे बघितलंत.

मग तीन दिवस पहिल्यापासून शिकवणी. बांगड्या उतरवल्या, नखं कापली, पदर खोचला. धुतल्या हाताने नळ बंद केला की धुणं फुकट, हे तेव्हा कळलं. बॅग गरम पाण्यात बुडवून कोमट करायची नाही, हेही. सासूबाईंना माझे मोकळे हात बघवेनात, तर तुम्ही फोनवरून त्यांनाच कामाला लावलंत: नळ बंद करायचा तो त्यांनीच. आता मी चुकले तर आधी त्या ओरडतात.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, अमेरिकेतल्या मुलांच्या हॉस्पिटलांनी 2011 पासून एकत्र येऊन हेच केलं. नळी बसवताना, घरच्यांना शिकवताना, दर तपासणीला काय काय बघायचं ते ठरवून घेतलं, इन्फेक्शन झालं की घरच्यांना पुन्हा शिकवलं, आणि इन्फेक्शनं कमी झाली. तिकडे त्याला मोठं नाव आहे म्हणे. आमच्याकडे तुम्ही होता, ड्यूटी संपल्यावर स्टुलावर बसून.

काढलेल्या पाण्याची बॅग छापील कागदावर ठेवायची, खालची अक्षरं वाचता आली तर पाणी स्वच्छ, हे तुम्ही शिकवलंत. ते काम लेकाने घेतलंय. रोज सकाळी बॅगेतून पेपराचा मथळा मोठ्याने वाचतो. जोडाक्षरं त्यातूनच पक्की झाली, शाळेतल्या बाईंना हे पटत नाही.

मंगळवारी तपासणीला येतोय. तुम्हाला वाचून दाखवायला त्याने एक पेपर बाजूला काढून ठेवलाय.

तुमची,
सात नंबरची आई